ओढ्यापलीकडची मास्तरीण

माझं माहेर भडगावचं. सासर तिथून बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर, पण मध्ये एक ओढा होता आणि ओढ्यापलीकडे निजामाचं राज्य. लग्न लागून आम्ही निघालो, तेव्हा नाक्यावरच्या शिपायानं माझी पेटी उघडून लुगडी पाहिली, भांडी पाहिली. तळाशी सातवी पास झाल्याचं सर्टिफिकेट होतं. ते त्यानं उलटसुलट केलं आणि यावर जकात नाही, असं सांगून परत ठेवून दिलं.

लग्नाआधी मी जळगावला आत्याकडे राहून वर्षभर मुलींच्या शाळेत शिकवलं होतं. सासरच्या गावात मुलींची शाळा मंजूर झाली, तेव्हा सासऱ्यांनीच पुढाकार घेतला. आमचे हे तिथल्या कचेरीत कारकून. ह्यांनी सुरेख अक्षरात माझा अर्ज लिहिला. महिन्याभरानं उत्तर आलं की नोकरी फक्त मुलकी माणसाला, म्हणजे त्या राज्यातल्याच माणसाला मिळेल. मी इंग्रजी हद्दीतली, म्हणून गैरमुलकी.

ह्यांना त्याची फार गंमत वाटली. मी भाकरी वाढायला लागले की मला विचारायचे, तुमच्या देशात मीठ एवढंच घालतात का? मी हसायचे, पण आतून चिडलेली असायचे. शाळा बांधून तयार होती आणि तिच्यात कुणाचा तरी कडबा ठेवला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा ते सगळं वडिलांना, आबांना सांगितलं. आबा झोपाळ्याची दोरी बांधत होते. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "तुना जनम तठलाच शे, मामाना घरना."

मामाचं गाव निजामाच्या हद्दीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गाव कोणतं म्हटलं की बापाचं सांगायचं, हीच सवय. आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि मी तिथे झाले, याचा नोकरीशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुन्हा अर्ज गेला. चौकशीला शाळाखात्याचे साहेब घरी आले. जन्माचा कागद कुठेच नव्हता, म्हणून साक्षीला मामी आल्या. साहेब हिंदुस्थानी बोलणारे, मामी आमच्या बोलीत बोलणाऱ्या. इकडचं तिकडे सांगायचं काम ह्यांच्याकडे आलं.

साहेबांनी जन्माची तारीख विचारली. मामी म्हणाल्या, काळी म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. साहेबांनी वर्ष विचारलं. मामींनी म्हशीचा पुढचा सगळा वंश सांगितला आणि बोटांवर मोजत वर्षही काढून दिलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, बाई इथल्या, मग त्यांची आई परत इंग्रजी हद्दीत का गेली?

मामींना हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, मग बाई नवऱ्याच्या घरी जाते, असं त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं. शेवटी ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आता साहेबांना हे पण सांगा, तुम्ही कुठे जन्मलात ते."

साहेब भाषांतराची वाट बघत होते. माझ्या सासूबाईंचं माहेर पहूरचं आणि हे त्यांचे थोरले. शेवटी ह्यांना स्वतःच्याच तोंडानं सांगावं लागलं की आपला जन्म इंग्रजी हद्दीतला.

साहेबांनी टाक खाली ठेवला. बराच वेळ ते मिशीत हसत होते. वडील इथले असल्यानं तुमच्या नोकरीला धक्का नाही, असं त्यांनी ह्यांना सांगितलं. "पण तुम्हा दोघांत या मातीवर जन्मलेल्या फक्त बाईच आहेत," ते म्हणाले आणि त्याचंही भाषांतर ह्यांनाच करावं लागलं.

पावसाळ्याआधी हुकूम आला. कडबा बाहेर काढून आम्ही शाळा सारवली. पहिल्या दिवशी सात मुली आल्या आणि त्यांच्याबरोबर चार आया. मुलींना एकटं कसं सोडायचं, म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या. दुपार झाली तरी उठेनात. पाट्या जास्तीच्या होत्याच. मी आयांच्याही हातात एकेक दिली.