रविवारचा खडखडाट

माझी बायको रेडिओवर जो कार्यक्रम ऐकायची त्याला मी संगीत म्हणणार नाही. ती गेली म्हणून मत बदलीन, असंही नाही. आमच्या या हिंदी मुलखातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर रविवारी दुपारी तो लागायचा. चालवणारी एक पोट्टी, तिशीची असेल. शेजारी कोणी झोपलंय अशा आवाजात हळूहळू हिंदीत बोलायची, आणि मग लावायची काय, तर तंबोऱ्याच्या मागे पत्रा ओढल्याचा आवाज. एकदा तिनं सारंगी आणि सायकलची चेन एकत्र वाजवली, संपता संपेना.

मी आयुष्यभर भनपुरीच्या वर्कशॉपात ट्रकांच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्या, ठोकल्या. डावा कान त्यातच गेला. एक दिवस घरी राहायचं आणि तिथंही ठोकाठोकच ऐकायची, हे मले कधी पटलं नाही. मी त्या कार्यक्रमाला खडखडाट म्हणायचो. बायको म्हणायची, "नवीन प्रकारचं संगीत होय ते. तुमाले नाही समजत." समजत तिलाही नव्हतं. पण ती सातवी पास आणि मी पाचवी नापास, त्यामुळे न समजण्यातही ती माझ्या वर होती.

खरी गंमत कार्यक्रमाच्या शेवटी असायची. ऐकणाऱ्यांनी घरून पाठवलेले आवाज ती पोट्टी लावायची आणि विचारायची, बताइए, क्या है? थोडं थांबून उत्तर सांगायची. आमच्या घरी ठरलेलं, हरेल त्यानं चहा करायचा.

"अजी, सांगा, काय होय?"

"ट्रक."

"ट्रक कायले होईल? कुकरची शिट्टी नळाखाली धरली कोनं तरी."

लगेच रेडिओतून यायचं, कुकर की सीटी, नल के नीचे. मी उठायचो, पातेलं ठेवायचो. किती वर्षं रविवारचा चहा मीच केला. स्टुलाचा पाय, ओल्या चादरीचं झटकणं, तव्यावर पडलेलं पाणी, बाई एकही सोडत नव्हती. मी पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगत फिरायचो, आमच्या घरी खोटं बोलायची सोय नाही, बायकोचा कान भलता तेज आहे.

पोळ्याच्या सुमारास ती गेली. आजारपण लांबलं नाही, एवढंच लिहितो.

त्यानंतरही रविवारी मी रेडिओ लावायचो. आवाज आला की मोठ्यानं 'ट्रक' म्हणायचो. कोणी खोडून काढत नव्हतं. मग ती पोट्टी खरं काय ते सांगायची आणि निदान हरल्यासारखं तरी वाटायचं. बाकी आठवडा घर म्हणजे धर्मशाळा झालं होतं. फक्त त्या वेळेपुरतं ते घर असायचं.

आणि एका रविवारी ती पोट्टी म्हणाली, आजचा शेवटचा. पुढच्या आठवड्यापासून या वेळेला राशिभविष्य लागेल.

मी सोमवारी चप्पल घातली आणि समता कॉलोनीत गेलो. खाली दातांचा दवाखाना, वर त्यांचा रेडिओ. तिथला साहेब चांगला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "अंकल, उसको कोई सुनता ही नहीं था. एक आंटी फोन करती थीं, अब वो भी नहीं करतीं."

मी म्हटलं, "कौन आंटी?"

त्याला माहीत नव्हतं. आतल्या खोलीत ती पोट्टी वायरी गुंडाळून डब्यात भरत होती, तिला विचारा म्हणाला. रेडिओवर ऐकून मला ती उंच वाटली होती. निघाली एवढीशी. मी सांगितलं, माझी बायको ऐकायची, ती नाही आता, मी ऐकतो, कार्यक्रम काहून बंद केला? तिनं वायर खाली ठेवली.

"अंकल, आप ट्रक वाले अंकल हैं?"

मी म्हटलं, ट्रकवाला नाही, कमानीवाला. ट्रक दुसऱ्यांचे असायचे.

"नहीं नहीं. आंटी हर हफ्ते फोन करती थीं. बोलती थीं, आज फिर ट्रक बोले." आणि ती हसायला लागली, मग तिच्या लक्षात आलं आपण कोणासमोर हसतोय, आणि थांबली. म्हणाली, "आधी से ज़्यादा आवाज़ें तो उन्हीं की थीं, अंकल. मोबाइल पर भेजती थीं."

मी तिथल्याच एका खुर्चीवर बसलो. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत होता आणि मी एकेक गोष्ट जुळवत होतो. कुकर आमचा. स्टूल आमचं. चादर आमची, तवा आमचा, पाणी नळाचं. ज्या बाईच्या कानाचे मी पोवाडे गायले, ती दर रविवारी पेपर फोडून परीक्षेला बसत होती. आणि मी नापास, दर वेळी, माझ्याच घरच्या सामानात.

राग आला. पण काढायचा कोणावर? आरोपी भिंतीवरच्या फोटोत होती आणि हार मीच घातला होता.

पोट्टी म्हणाली, "और भी हैं, जो अभी तक चलाई नहीं. आपके मोबाइल में डाल दूँ?"

मी नाही म्हटलं. तिला वाटलं मला सहन होणार नाही. तसं नव्हतं. आपल्या खोलीत बसून एकट्यानं ते ऐकायचं म्हणजे दोन्ही हातांचे पत्ते आपणच धरून खेळायचं. बायकोनं ते आवाज आठवण म्हणून ठेवले नव्हते. मला हरवायला पाठवले होते. त्याला विचारणारी पाहिजे, उत्तर देणारी पाहिजे, चार लोक पाहिजेत. कार्यक्रम पाहिजे.

"तू कार्यक्रम कर," मी म्हटलं. "जगह मैं देता हूँ."

"कहाँ, अंकल?"

"वो अभी पता नहीं."

जागा मला जिना उतरताना सुचली. सदर बाजाराच्या मागे आमच्या मराठी लोकांच्या एका लहान मंडळाचा हॉल आहे. गणपतीत उघडतो, हळदीकुंकवाला उघडतो, एरवी कबुतरं वापरतात. पण मागायला गेलं तर कधी मिळत नाही. अर्ज, ठराव, पोटसमिती, आणि मग अध्यक्ष म्हणतात, बघू. अध्यक्ष जुन्या, भोसल्यांच्या काळापासूनच्या घराण्यातले, निवृत्त वकील. त्यांचं 'बघू' म्हणजे वारसांनी बघावं.

पण मंडळाची एक रीत आहे. जो तक्रार करेल त्याच्या गळ्यात ते काम. एकानं गणपतीत म्हटलं मोदक कडक झाले, त्याच्याच घरी आता दर वर्षी मोदक होतात. एकानं म्हटलं संडासाची कडी लागत नाही, तो आजही कडी बसवतोय. त्यामुळे आमच्या सभेत सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसतात आणि सभा लवकर संपते.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. तोंड होईल तितकं वाकडं केलं.

"हा हॉल रविवारी दुपारी बंद काहून असतो? लाज वाटली पाहिजे मंडळाले."

सभेत आनंद पसरला. एक बकरा सापडला होता.

अध्यक्ष म्हणाले, "मग चावी आपणच घ्यावी."

"मी कायले? माझे गुडघे दुखतात."

"छे छे, आपल्याला जी कळकळ आहे ती इतरांना नाही."

"मले दुसरी कामं आहेत."

कामं कसली, रिकामाच होतो. पण मी जितका मागे सरकलो तितका ठराव पक्का होत गेला. लगेच हो म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता आणि पोटसमिती नेमली असती. शेवटी कुरकुरत चावी घेतली. खिशात टाकताना अध्यक्षांनी विचारलं, "उघडून करणार काय?"

"संगीत."

"शास्त्रीय की सुगम?"

"शास्त्रीयच्या पुढचं," मी म्हटलं.

अध्यक्षांनी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, दर रविवारी संगीताचा कार्यक्रम. तिथं माझी चूक झाली, किंवा झाली नाही, तुम्हीच ठरवा. आमच्या लोकांना वाटलं नाट्यसंगीत. पहिल्या रविवारी हॉल भरला. बायका गजरे माळून आल्या. दोघेतिघे जाकीट घालून पुढच्या रांगेत बसले आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच मान हलवायला लागले, सवयीनं. पोट्टीनं लॅपटॉप मांडला, शेजारी पाण्याची बादली, आणि एक पेटी. पेटी बघून लोकांना धीर आला.

तिनं पेटीचा भाता हलवायला सुरुवात केली. पट्टीला हात लावला नाही. नुसता भाता. फुस, फुस, दम्याच्या माणसासारखा.

मागून कोणी विचारलं, "पेटी बिघडली का जी?"

"सूर जुळवून राहिली असेल."

"इतका वेळ?"

"शास्त्रीयच्या पुढचं आहे म्हणतात."

मग तिनं बादलीत माईक सोडला. तेवढ्यात अध्यक्षांच्या कानातलं मशीन बिनसलं आणि बारीक, लांब शिट्टी द्यायला लागलं. सगळे माना वळवून बघायला लागले. अध्यक्ष घाईनं कान चाचपायला लागले तर पोट्टी दुसरा माईक घेऊन धावत आली.

"सर, प्लीज़, हिलिए मत."

अध्यक्ष हलले नाहीत. मान ताठ, डोळे मिटलेले. पेटीचा भाता, बादलीतलं पाणी आणि अध्यक्षांचा कान, असं काही वेळ चाललं. थांबल्यावर पुढच्या रांगेतून एक जण 'वा' म्हणाला. कशाला म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. अध्यक्षांनी मान झुकवून ते स्वीकारलं.

शेवटी पोट्टी म्हणाली, अब एक आवाज़, बताइए क्या है. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. पण मला कळलं.

आवाज सुरू झाला. आधी घरघर. मग खडखड, मग काहीतरी अडल्यासारखं, मग पुन्हा जोरात घरघर. मी कान पुढे केला. या वेळी मात्र मला खात्री होती. भनपुरीत अख्खा जन्म घालवला, एवढं तर कळणारच.

"ट्रक," मी मोठ्यानं म्हटलं. "चढावर लागलेला. लोड जास्त आहे."

आमच्या शेजारची वहिनी मागच्या रांगेत होती. आमची आणि त्यांची भिंत एक.

"कायचा ट्रक," ती म्हणाली. "तुमचं घोरणं होय ते, भाऊजी. दुपारचं. रोज ऐकतो आम्ही, आमची झोप झाली कधी?"

हॉल असा हसला की कबुतरं बाहेर गेली. मीही हसलो असतो, पण आवाज अजून संपला नव्हता. घोरण्यामागे पंखा फिरत होता, घर्र घर्र. मग बटण टक वाजलं. पंखा हळूहळू बंद पडला आणि घोरणं एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं.

तर असं होतं. मी दुपारी घामानं चिंब होऊन उठायचो आणि लाईनवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायचो. ती बाजूला तांदूळ निवडत म्हणायची, "हो ना जी, आत्ताच आली लाईट." मी झोपल्यावर पंखा बंद करून माझं घोरणं टिपत बसायची ही बाई. मी उजवा कान स्पीकरच्या डब्याकडे केला. ती काही बोलते का ऐकत होतो. बोलली नाही. कामात होती.

पोट्टीनं विचारलं, "अंकल, ठीक हैं?"

"पंखा लाव," मी म्हटलं. "लोकांले गरम होऊन राहिलं."

पुढच्या सभेत व्हायचं ते झालं. कार्यक्रम बंद पाडायला चार जण ठरवून आले होते. एक म्हणाला हे संगीतच नव्हे, बसायची व्यवस्थाही धड नाही. त्याला खुर्च्या मांडायचं काम मिळालं. दुसरा म्हणाला बादलीनं सतरंजी भिजली, बादली त्याच्याकडे. शेजारची वहिनी उठली, म्हणाली, आवाज पाठवायचे तर चांगल्या घरचे पाठवा, हे कोणाचंही घोरणं काय लावता? अध्यक्ष म्हणाले, "आवाज गोळा करायची जबाबदारी वहिनींची." चौथा उठलाच नाही. अध्यक्ष स्वतः कार्यक्रमाच्या बाजूनं होते, कारण त्यांच्या कानाची शिट्टी पोट्टीनं मोबाईलवर टाकली होती आणि पुण्याच्या नातवानं फोन करून विचारलं होतं, आजोबा, ते तुम्हीच का?

तर कार्यक्रम चालू आहे. रेडिओवर नाही, आमच्या हॉलमध्ये होतो, मग पोट्टी मोबाईलवर टाकते. वहिनी सगळ्या पाऱ्यातून आवाज आणते, मिक्सर, शिलाई मशीन, कोणाची कुरडई तळताना. मंडळाची कामं जबरदस्तीनं मिळालेली असली तरी लोक ती जीव लावून करतात, हे एक आमच्यात बरं आहे.

बायकोचे आवाज अजून उरलेत. पोट्टीला मी सांगितलं, किती ते सांगू नको, आणि कोणता तिचा तेही सांगू नको. बाकीच्यांत मिसळून लाव, मनात येईल तेव्हा. पोट्टी म्हणाली, "हव, अंकल."

त्यामुळे आता मला प्रत्येक आवाजाला लक्ष द्यावं लागतं. झोप येते पण झोपता येत नाही. मागच्या रविवारी एक बारीक आवाज आला, खसखस, खसखस, मध्ये थांबून पुन्हा. मी डोळे मिटले. आमचं स्वयंपाकघर दिसलं. खिडकीखाली बसून ती नारळ किसून राहिली आहे, पाठ माझ्याकडे, बोलत नाही. ही तीच, मी मनात म्हटलं, हिचाच हात.

मागून वहिनी म्हणाली, "ओळखलं का कोनी? माझी किसणी होय ते. भोपळा किसला."

"नक्की तुमची?"

"मंग कोणाची? हलव्यासाठी किसला, शनिवारी. पुरावा पाहिजे तर डब्यात आणला आहे."

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"असू द्या," मी पोट्टीला म्हटलं. "पुढचा लाव."