शेवटची वाफ

भुलीतून जागं होणाऱ्या जनावराला डोळे उघडल्यावर पहिली दिसायची ती एल्मा राउटिओ. तळ्याकाठच्या त्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात तिची उभी हयात गेली. डॉक्टर यायचे, दोन-चार हिवाळे कसेबसे काढायचे आणि उबदार मुलखाकडे पळ काढायचे. एल्मा कुठे पळणार? मांजराच्या पोटातला दोरा काढायचा असो की कुत्र्याचा मोडलेला पाय बसवायचा असो, टेबलाच्या उशाशी तीच. भूल ती सांभाळायची, सोनोग्राफीच्या खोलीतला दिवा ती मालवायची, आणि शस्त्रक्रिया उरकली की जमिनीवर फतकल मारून बसायची. जनावराचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि कानाशी वाकून नाव घेत राहायचं. नाव घेतल्याशिवाय कुणी परत येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. तरुण डॉक्टर प्रुइट हसायच्या. हसेनात का.

एकट्या एल्माच्या घरात दुसरा जीव होता तो उस्वाचा. शर्यतीतून काढून टाकलेली ग्रेहाउंड कुत्री, धुक्याच्या रंगाची, हाडं मोजून घ्यावीत इतकी सडपातळ. तिचं रक्त बहुतेक कुत्र्यांना चालायचं, म्हणून गरज पडली की एल्मा तिला दवाखान्यात न्यायची. बाकीच्या दिवशी उस्वा सकाळी गाडीपर्यंत यायची, एल्मा म्हणायची, "आज नाही गं," की शेपूट खाली टाकून, डावीकडून वळून, ती मुकाट्याने घरात जायची. इतकी वर्षं, दर सकाळी, तेच शब्द आणि तेच वळणं.

नाताळच्या आठवड्यात तळ्यापलीकडचा वाइनो कंगस आपल्या बस्टरला घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. ऐंशीचा म्हातारा, बायको गेलेली, पोरं दूर. बस्टर पिवळा, जाडजूड, गावठी कुत्रा. त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटात सगळीकडे काळं दिसत होतं.

"हे सगळं रक्त," डॉक्टर म्हणाल्या. "पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटलीये. ती काढावी लागेल, आत्ताच्या आत्ता. एल्मा, उस्वाला आणतेस?"

वाइनोने टोपी पिळून पिळून तिची चिंधी केली होती. "पोरी, हा गेला तर मी घरी जाऊन बोलू कुणाशी? चुलीशी?"

"चुलीशी तर तुम्ही आजही भांडता," एल्मा म्हणाली. "गप्प बसा तिथे. मी आहे ना."

रक्त जुळलं. उस्वाच्या रक्ताची पिशवी भरली आणि बस्टरच्या अंगात रिकामी झाली. पानथरी काढली, तिच्यावरची गाठ साधी निघाली, टाके पडले. एल्मा नेहमीसारखी जमिनीवर बसून "बस्टर, बस्टर" करत राहिली. कुत्र्याने डोळे उघडले, पण तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मान लांब करून त्याने तिच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकली.

एल्माने पाय मागे घेतला. ती सवय उस्वाची होती.

नवं वर्ष उजाडायच्या आत उस्वा गेली, सॉनाच्या उंबऱ्यावर, झोपेत. "हृदय थांबलं. रक्त देण्याशी याचा काही संबंध नाही," डॉक्टरांनी समजावलं. दिवसा एल्माला ते पटायचं.

तिच्या अंगणातला सॉना, म्हणजे लाकडी न्हाणीघर, आजोबांनी बांधलेला. शनिवारी दगड तापवायचे, पाणी मारून वाफ घ्यायची, मग कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. आईने घालून दिलेली एक रीत होती. सगळ्यांची अंघोळ झाली की दगडांवर ओगराळंभर पाणी आणखी ओतायचं आणि दार लोटून बाहेर यायचं. ती शेवटची वाफ घरच्या गेलेल्यांची. मात्र नाव कुणाचं घ्यायचं नाही. ज्याला यायचं तो येईल, आपण बोलावायचं नाही, असं आई बजावायची. एल्मा वाफ घ्यायची तेव्हा उस्वा उंबऱ्यावर तिच्या डाव्या सपातेवर हनुवटी ठेवून पडलेली असायची आणि ते शेवटचं पाणी दगडांवर चुर्रकन वाजलं की शेपटी जमिनीवर दोनदा आपटायची.

उस्वा गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी एल्माने पाणी ओतलं आणि तिच्या तोंडून नाव निघून गेलं. आयुष्यभर जनावरांना नाव घेऊन परत आणणारी बाई ती, तिची जीभ कशी आवरणार?

पुढच्या शनिवारी शेवटचं पाणी ओतलं, तर बाहेर जमिनीवर दोनदा थप थप झालं.

दार उघडलं तर उंबऱ्यावर बस्टर. अंगभर बर्फाचे कण, हनुवटी डाव्या सपातेवर. गोठलेलं अख्खं तळं तुडवून आला होता. या घरी तो जन्मात कधी आला नव्हता. एल्माच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि आनंदही झाला, भरभरून झाला. त्या आनंदाचीच तिला जास्त भीती वाटली.

वाइनो रस्त्याने वळसा घालून जुन्या गाडीतून आला. "फितवलंस गं माझ्या कुत्र्याला! काय खायला घालतेस?"

"पाण्याचा थेंबसुद्धा दिला नाही."

"मग काय मंतरलंस?"

एल्मा हसली नाही, हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. त्यानंतर दर शनिवारी तेच झालं. वाइनोने दोर बांधला, कुत्र्याने तो कुरतडला. दाराला अडसर लावला, तर लाकडं आणायला दार उघडताच कुत्रा पसार. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "उसनं रक्त तीन-चार महिने टिकतं, मग कुत्र्याचं स्वतःचंच उरतं. पण रक्तातून सवयी जात नाहीत हं, एल्मा." एल्माने पहिलं वाक्य तेवढं मनात धरून ठेवलं. तीन-चार महिने. शनिवारची ती आठवडाभर वाट बघू लागली. सपाता ती मुद्दाम बाहेर काढून ठेवायची. वाइनो घरी एकटा कुत्र्याची वाट बघत बसतो हे तिला ठाऊक होतं, तरी ठेवायची.

एप्रिल लागला. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ काळा पडला, आणि बस्टरची वाट नेमकी त्यावरून जायची. शनिवारी दुपारी वाइनोचा फोन आला.

"पोरी, आज सॉना पेटवू नकोस. धूर दिसला की तो थांबत नाही. बर्फ आता माणसाचं काय, कावळ्याचंही वजन घेणार नाही. पाया पडतो तुझ्या."

एल्माने पेटवला नाही. त्या घरात असा शनिवार कधी गेला नव्हता. थंड दगड, रिकामा उंबरा. सपाता तिने कपाटात टाकल्या आणि पायरीवर जाऊन बसली.

उजेड सरता सरता पलीकडच्या काठावरून पिवळा ठिपका निघालाच.

"बस्टर! अरे बस्टर!" वाइनोचा चिरका आवाज तळ्यावरून येत होता. कुत्र्याचा कानसुद्धा हलला नाही. ते नाव जणू त्याचं नव्हतंच. तो सरळ काळ्या बर्फाकडे येत होता, जाडजूड देह असून लांब, हलक्या ढांगा टाकत. पुढे पाणी चमकत होतं.

कोणत्या नावाला तो थांबेल हे एल्माला माहीत होतं. ते नाव कशासाठी घ्यावं लागणार, हेही माहीत होतं. ती काठावर धावली.

"उस्वा!"

कुत्रा जागीच थांबला. मान लांब झाली, शेपूट हलू लागली. आनंदाने ती इतकी हलत होती की एल्माला वाटलं, येऊ द्यावं, एकदा मिठीत घ्यावं, मग काय व्हायचं ते होवो. बर्फ कुठेतरी कडकन वाजला.

मग रोज सकाळी गाडीपाशी निघायचा तोच आवाज तिने घशातून ओढून काढला.

"आज नाही गं."

शेपूट खाली गेली. कुत्रा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग डावीकडून वळला आणि आल्या पावली मुकाट्याने परत गेला. पलीकडे वाइनोने त्याला कवेत घेतलेलं दिसलं. एल्मा काठावर बसली आणि उस्वा गेली त्या दिवशी रडली नव्हती तेवढी रडली. तेव्हा उस्वा आपणहून गेली होती. आज तिला हाकलून दिलं होतं.

काही दिवसांनी वाइनो बस्टरला शेवटच्या तपासणीला घेऊन आला. "आता घरातनं हलत नाही बघ," तो खुशीत सांगत होता. बस्टरने एल्माचा डावा बूट हुंगला, उजवा हुंगला, शिंकला आणि टेबलाचा पाय हुंगायला गेला.

एल्माने सोनोग्राफीच्या खोलीतला दिवा मालवला. डॉक्टर पडद्याकडे बघत असताना ती वाकली आणि कुत्र्याच्या कानात, अगदी हळू, ते नाव घेतलं.

बस्टरने जांभई दिली.

"पोट एकदम स्वच्छ आहे," डॉक्टर अंधारात म्हणाल्या. "आत काही उरलेलं नाही."

"हो," एल्मा म्हणाली, आणि दिवा लावायला जरा वेळ लावला.