अंगणातला हायवे

तो रस्त्याच्या सरकारी खात्यात मोजणीला होता. मैलांचे किलोमीटर होत होते त्या दिवसांत तो काशीगावात आला, आमच्या अंगणात लाल खुंट्यांच्या दोन रांगा ठोकल्या आणि म्हणाला, "पुढेमागे इथून नवा हायवे जाईल."

मग खुंट्या तपासायला महिन्यातून एकदा यायचा. पहिल्या रांगेशी थांबून रुमालाने चष्मा पुसायचा. उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, कधी कुणाला तरी जाऊ द्यायचा आणि मगच अंगण ओलांडून ओटीवर चहाला बसायचा. आम्ही हसायचो. तो हसत नसे.

"लवकर पोचवायचं आणि एकही माणूस दगावू द्यायचा नाही, एवढंच खात्याचं ध्येय," तो पाठ केल्यासारखं सावकाश म्हणायचा.

एकदा भर दुपारी आई अंगणात भात वाळवत बसली होती. बोलता बोलता तो उठला, धावत गेला आणि तिला दंडाला धरून ओटीकडे ओढलं.

"काकी, मधोमध बसू नका हो."

"अरं, पण रस्ता हाय कुठं?" आई चिडून म्हणाली.

ती बसली होती तिथे त्याने एकदाच पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर तो आला नाही. हायवेही आला नाही. खुंट्या कधीच कुजून गेल्या. तरी अंगण ओलांडताना आम्ही सगळे दोन्हीकडे बघतो. त्याला सवय म्हणता येईल. पण हल्लीच आणलेला आमचा कुत्राही त्याच जागी थांबतो, कान टवकारतो, कुणाला तरी जाऊ देतो आणि मगच घरात येतो.