कबुलीजबाबाची शेवटची ओळ

त्या ढालीचा विषय निघाला की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. घरातले म्हणतात, झालं गेलं, सोडून द्या आता, किती वर्षं झाली. सोडून द्या काय सोडून द्या! ज्याला दगा बसला त्याला विचारा.

निजामी राजवटीतली गोष्ट. मी आष्टीचा, शेतकऱ्याघरचा, जालन्याला हायस्कुलात शिकायला आल्तो. शिक्षण सगळं उर्दूतून. आणि गावाला फुटबॉलचं असं वेड की सामना असला म्हणजे जिनिंगमधले हमाल, आडतीवरचे मुनीम, शिंपी, कचेरीतले शिपाई, सगळे मैदानाच्या कडेनं उभे. मी हाफला खेळायचो. बरा खेळायचो, फार काही थोर नाही.

आमच्या ड्रिलमास्तरांचा पोरांवर मोठा जीव. निदान आम्हाला तसं वाटायचं. कुणाचा पाय मुरगळला तर स्वतः हळद गरम करून बांधायचे. बापाचा शब्द मी एकवेळ मोडला असता, मास्तरांचा बिलकुल नाही.

मास्तर कुणाच्या तरी लग्नाला भोकरदन तालुक्यात धावड्याला गेल्ते. तिथं पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत होती, त्यात त्यांनी एक पोरगा हेरला. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरचा, काटक, लांब टांगांचा. त्याची मराठी चौथी झालेली, पुढं शाळा नाही. औरंगाबादला दर साली शाळांची ढालीची स्पर्धा व्हायची, तिचा नियम असा की पोरगा मिडल पास पाहिजे आणि शाळेच्या पटावर पाहिजे. मास्तरांनी कुठून तरी दुसऱ्याच कुणाचा मिडल पासचा दाखला पैदा केला आणि आठ दिवसांत पोरगा आमच्या वर्गात बसला. टीममधल्या अकराही जणांना हे माहीत होतं. निम्म्या गावाला माहीत होतं. कुणी चकार शब्द काढला नाही, कारण तो बॉल घेऊन सुटला की मागं धूळ तेवढी राहायची.

मास्तरांनी त्याला माझ्याच खोलीवर ठेवलं. पहिल्याच दिवशी आमचा सौदा ठरला: भाकरी त्यानं थापायच्या, उर्दूचं अलिफ-बे मी शिकवायचं. माझ्या भाकरीचे तुकडे पडायचे, त्याची भाकर टम्म फुगायची. सकाळी जिनिंगचा भोंगा व्हायच्या आधी तो चुलीपुढं बसायचा आणि परातीतल्या पिठावर बोटानं अक्षरं गिरवायचा. मग तेच पीठ मळायचा.

मी एकदा चिडवलं, "अरे, तुला आणलंय गोल मारायला. कशाला मरतोस शिकून?"

तो हसला नाही. "आमच्या वाड्यावर जंगलखात्याचा कागद येतो, उर्दूतला," तो म्हणाला. "मेंढरं कुठं चारायची, कुठं न्हाई, दंड किती. बाप त्यो कागद घेऊन तीन कोस चालत जातो, वाचून घ्यायला. वाचणारा सांगंल तेच खरं. मला बापाला कागद वाचून दाखवायचाय. बस."

त्यानंतर मी त्याला मन लावून शिकवलं. हे मी माझ्या बाजूनं सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही नाही.

त्या साली औरंगाबादला आम्ही ढाल जिंकली. शेवटच्या सामन्यात दोन गोल, दोन्ही त्याचे. आम्ही रेल्वेनं परतलो तर स्टेशनावर ताशे, हलग्या, गुलाल. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं ते थेट शाळेच्या फाटकापर्यंत. रिटायर झालेले एक पोलिस जमादार आमचा एकही सामना चुकवायचे नाहीत. त्यांनी तर त्याचा मुका घेतला. तो लाजून चूर.

पंधरा दिवस झाले असतील नसतील, हरलेल्या शाळेनं तक्रार केली. दाखला खोटा आहे, चौकशी करा. तालीम खात्याचे मोहतमीमसाहेब, म्हणजे जिल्ह्यातल्या शाळांवरचे सगळ्यात मोठे अंमलदार, त्यांचं पत्र हेडमास्तरांच्या टेबलावर येऊन पडलं. ढाल परत घेऊ आणि शाळेवर दोन साल बंदी घालू, असं त्यात साफ लिहिलं होतं.

मैदानासमोर एक चहाचं हॉटेल होतं. त्या संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. मीही एका बाकड्याच्या टोकाला बसलो होतो.

"पोराला फाटकापुढं उभा करा आन् वीस छड्या मारा," जमादार म्हणाले. मुका घेणारे तेच हे जमादार, बरं का! "गावाची अब्रू घालवली त्यानं."

आमचे शर्ट शिवणारा शिंपी म्हणाला, "आता कामून तोंड लपवता? मागच्या साली दुसऱ्या शाळेनं बाहेरचा गडी खेळवला, तवा ह्याच बाकड्यावर बसून आपणच बोंबललो न्हाई का, दोन साल बंदी घाला म्हणून?"

"त्यांची गोष्ट अलग," तिघे-चौघे एकदम बोलले. अलग कशी ते कुणी सांगितलं नाही.

हॉटेलवाला कपबश्या विसळता विसळता म्हणाला, "बंदी घातली तर पुढच्या साली खेळायची पोरं बसून राहतील. त्यांनी काय गुन्हा केला? केलं कुणी, भरायचं कुणी? अन् पोरगा काय दाखला छापून घेऊन आल्ता का? आणणाऱ्याला विचारा की."

आणणारा कोण, हे हॉटेलातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. मास्तर गेले तर टीम गेली, हेही ठाऊक होतं. जमादारांनी घसा खाकरला. "मास्तरांचं नाव काढायचं न्हाई," ते म्हणाले. "पोरानं लिहून द्यावं, मी शाळेला फसवलं म्हणून. शाळा वाचली, ढाल वाचली. त्याला काय, परत मेंढरं हायेतच."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याच्या खोलीवरचा मी. आणि पुढच्या साली कॅप्टन कोण होणार होतं? मीच. तेच शाळेतलं माझं शेवटचं वर्ष. खोटं कशाला बोलू, बंदी मलाही नकोच होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला घरी बोलावलं. कबुलीजबाब तयारच होता, सुंदर अक्षरात, उर्दूतून. मी वाचला. पोराच्या तोंडून लिहिलेला: 'मी स्वतः खोटा दाखला आणला, मास्तरांना व शाळेला फसवलं', वगैरे. शेवटच्या ओळीवर अडकलो. आपण शिक्षण हमेशासाठी सोडत आहोत आणि रियासतीतल्या कोणत्याही शाळेत पुन्हा प्रवेश मागणार नाही, असं त्या ओळीत होतं.

"मास्तर, हे काय?"

"अरे, तो नुसता रिवाज असतो. असे कागद असेच संपवतात." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक साल जाऊ दे. गवगवा बसला की मी स्वतः त्याचं नाव पटावर चढवतो. माझी जबान आहे. आणि ती ओळ त्याला सांगत बसू नकोस. उगाच घाबरेल."

माझा विश्वास बसला. हळद बांधणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

मी खोलीवर आलो तेव्हा तो भाकरी थापत होता. मी त्याला सगळं सांगितलं: शाळेचं, ढालीचं, एका सालाचं, मास्तरांनी दिलेल्या शब्दाचं. त्यानं हात पुसले, कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवून अक्षर अक्षर लावायला लागला. फार वेळ लागला. तव्यावरची भाकर करपली, ती मी उतरवली. बोट शेवटच्या ओळीवर आलं, थोडं पुढं सरकलं आणि थांबलं.

"ह्या वळीत काय हाय?" त्यानं विचारलं.

"काही नाही रे. रिवाज असतो, अर्ज संपवायचा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणतो तर बराबर आसंल." आणि सही केली. सही उर्दूत केली, मीच शिकवलेली.

आठ दिवसांत निकाल आला. शाळा निर्दोष, ढाल शाळेकडेच, बंदी नाही. पोराचं नाव कायमचं कमी, रियासतीत कुठल्याही शाळेनं त्याला घेऊ नये. त्यानं घोंगडी गुंडाळली. जाताना एवढंच बोलला, "डब्यात दोन दिवसाचं पीठ हाय. कोमट पाण्यात मळ, मंग तुटणार न्हाई." त्याला सोडायला वेशीपर्यंत मी एकटा गेलो. खांद्यावर घेणारे सगळे कुठं गेले होते कुणास ठाऊक. हॉटेलात तर बोलणं चालू होतं, लबाडच होतं ते पोरगं, बरं झालं गेलं.

मी साल मोजत बसलो. साल भरलं, शाळा उघडली आणि मी मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, त्याचं नाव चढवायचं होतं."

"कोणाचं?"

शप्पथ सांगतो, ते 'कोणाचं' म्हणाले! आणि नाटक नव्हतं ते. माणूस खरोखर विसरला होता. मी आठवण दिली तेव्हा म्हणाले, "अरे, पण त्यानं स्वतःच लिहून दिलंय ना, शिक्षण सोडलं म्हणून? मी काय करणार त्याला?" तीच ओळ. आणि त्यांच्या मागं व्हरांड्यात एक नवा पोरगा उभा होता, लांब टांगांचा, अंगात त्या गेलेल्या पोराचाच शर्ट, शिंप्यानं बाह्या कमी करून दिलेला.

मी कॅप्टनकी मास्तरांच्या तोंडावर फेकली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. फेकली नाही. सालभर खेळलो. दुसऱ्याच सामन्यात हरलो, आणि हरल्याचा मला आनंद झाला. पण मनातून मास्तर उतरले ते कायमचे. पुढं कुणी कितीही गोड बोलो, मला आधी ती हळद आठवायची.

नंतर दहा-बारा वर्षांनी, निजामी अजून होतीच, मी कचेरीच्या कामानं हसनाबादला गेल्तो. बाजाराचा दिवस होता. एका लिंबाखाली चार-पाच माणसं हातात सरकारी कागद घेऊन बसलेली आणि मधे तो. डोक्याला फेटा, मिशा आलेल्या. एका म्हाताऱ्याला जंगलखात्याचा कागद वाचून दाखवत होता, ओळीवर बोट ठेवून, सावकाश, पार शेवटच्या ओळीपर्यंत. म्हातारा उठायला लागला तर त्याला हाताला धरून बसवलं. "थांबा बाबा, अजून एक वळ हाय."

मला पाहिल्यावर तो उठला, शेजाऱ्याला चहा आणायला पिटाळलं, घरची विचारपूस केली. मला राहवेना. मी भडाभडा बोलत सुटलो. मास्तरांनी कसं फसवलं, जबान कशी दिली, मला कसं बनवलं, ती शेवटची ओळ नुसता रिवाज म्हणून कशी माझ्या गळी उतरवली. दहा वर्षं तुंबलेलं सगळं. तो खाली मान घालून ऐकत होता.

"त्यात 'हमेशा' लिव्हलं व्हतं," तो म्हणाला. "त्याच हप्त्यात तू मला शिकिवल्ता त्यो शब्द. पिठात काढून."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे तुला वाचता आलं होतं?"

"सगळं न्हाई. तेवढं आल्तं."

"मग सही का केलीस, लेका?"

"मास्तर काय आन् ते हाटेलवाले काय, त्यांचं मला काहीच न्हाई वाटलं," तो म्हणाला. "तुला इचारलं ना मी, ह्या वळीत काय हाय म्हणून? तू सांगतो का, तेवढं बघायचं व्हतं."

मग त्यानं पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.