नांदेड एका तासावर

चहाच्या सुट्टीत आभाळात विमान दिसलं की ती कप खाली ठेवायची आणि एक बोट वर करायची. "एक तास. पुणे ते नांदेड, फक्त एक तास!"

चाकणच्या एका कंपनीत आम्ही गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळायचो. ती माझ्या शेजारी उभी असायची. वयाने मोठी, म्हणून सगळ्याजणी तिला ताई म्हणत. नांदेडजवळच्या खेड्यात तिची म्हातारी माय आणि भाऊ. ट्रॅव्हल्सने अख्खी रात्र लागते. पण विमानाचं कळल्यापासून तिला गाव अगदी हाकेवर वाटायचं.

"चाकण चौक ओलांडायला तास लागतो गं," ती म्हणायची. "तेवढ्यात मी मायपाशी."

"मग जा की एकदा!" कुणीतरी चिडवायचं.

"जाईन की. घाई कामून? एका तासाचं तर हाय."

असं म्हणत तिच्या दोन दिवाळ्या गेल्या. गाव लांब वाटलं असतं तर गेली असती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

गेल्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला. माय अंथरुणावर होती, हिचंच नाव घेत होती. त्याने फोन मायच्या कानाला लावला.

"माय, शिफ्ट सुटली की विमानानं येते. दिवस मावळायच्या आत तुझ्यापाशी."

मग फोन लॉकरमध्ये गेला. कामावर फोन चालत नाही.

तीनला शिफ्ट सुटली. माझ्या जागेवर दुसरी बाई आली, ताईच्या जागेवर आलीच नाही. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा आमच्याकडे नियम. सुपरवायझर म्हणाला, "ताई, चार तास थांबा." सातला सुटून विमानाचा एक तास, आठला मायपाशी, असा तिने हिशोब केला. तिने मान डोलावली.

"सर, ताईच्या जागी मी थांबते," एवढंच मला म्हणायचं होतं. साहेब लोकांपुढे माझं तोंड उघडत नाही. तेव्हाही उघडलं नाही. घरीही जाववेना. गेटबाहेर बसून राहिले.

सातला ती पिशवी घेऊन धावत आली. वॉचमनने मोबाईलवर बघून सांगितलं, "आज विमान नाही, ताई. परवा आहे."

"एक चुकलं तर मागून दुसरं असंल की, दादा."

एसटीसारखं वाटलं होतं तिला.

तिकडे मायने भावाला विमानतळावर पिटाळलं होतं. "ती पहिल्यांदाच विमानानं येतीय, चुकंल. जा, घेऊन ये." तिथला शिपाई सांगत होता, आज विमान नाही. हा म्हणत होता, बहीण येते म्हणालीय. तो बंद दारापुढे उभा, हिचा फोन लॉकरमध्ये. तो घरी परतला तेव्हा माय गेली होती. जवळ कुणीच नव्हतं.

त्याच रात्री ट्रॅव्हल्सने गेलेली ती पंधरा दिवसांनी कामावर आली. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन कानाला लावून भिंतीशी उभी राहायची, एक शब्द न बोलता.

"भाऊ फोन उचलतो गं," एकदा म्हणाली. "बोलत न्हाई. नुसता श्वास ऐकू येतो. मी बी बोलत न्हाई."

त्या दिवशी मी थांबू शकत होते, हे तिला सांगायचं मी रोज ठरवायचे. शेवटी एका रविवारी धीर करून जवळच्या कुरुळी गावात तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "काम सोडलं, खोलीबी सोडली. कुठं चालली ते काय सांगितलं न्हाई."

जाताना उंबरा धुऊन गेली होती. फरशी अजून ओली होती. त्या ओल्यात पाय न ठेवता मी तशीच उभी राहिले.