पाट्याची हमाली

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तशी माझ्या फजित्यांची दवंडी मीच पिटत असतो. पेट्रोल संपलं असं समजून द्वारका चौकापासून घरापर्यंत स्कूटर ढकलत आणली आणि नुसता कॉक बंद होता, हा किस्सा मी दर लग्नात सांगतो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण ही... ही कधी जिभेवर आलीच नाही.

आमचं जुनं घर पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. भाड्याच्या दोन खोल्या. पहाटे खाली कोथिंबिरीच्या जुड्या उतरायच्या आणि त्या वासानं मला जाग यायची. मग स्वयंपाकघरातून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज. आई लसणाची चटणी वाटत असायची. मिक्सर आला, तरी चटणी पाट्यावरच. माझ्या बारशाला पाळण्याखालून माझ्याआधी तोच वरवंटा फिरला होता, कुंची घालून. माझ्या मुलीच्या बारशालाही तोच. दोघांच्या पाचवीची पूजा त्याच पाट्यावर मांडलेली. म्हणजे या घरात माझ्याआधी लाड झाले ते दगडाचे. थोडा मत्सर असेलही — नाही, ही पुन्हा गंमत झाली. गंमत करत करत मी निसटतो, ही माझी जुनी खोड.

तर, पाथर्डी फाट्याकडे आम्ही फ्लॅट घेतला. चौथा मजला. सामान हलवायचा खर्च मी पै-पैशासकट ठरवून टाकला आणि तो आकडा गावभर सांगत सुटलो. बायको म्हणाली, "अहो, थोडे जास्तीचे ठेवा." मी हसलो. सटाण्याचे साडू कांद्याचे व्यापारी, आयुष्य ट्रकवाल्यांशी बोलण्यात गेलेलं. ते फोनवर म्हणाले, "सामान आपलं शे, पाव्हणं, पण रस्ता आपला नई. वरखर्च धरा." मी म्हणालो, "ठरल्यापेक्षा एक रुपया वर गेला तर नाव बदलीन." आता सांगा, असं बोलायची काही गरज होती?

त्या दिवशी टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडला. गल्लीत दुचाक्या लावलेल्या. सामान हातगाड्यांवर घालून बाहेर न्यावं लागलं. हातगाड्यांनी हमालांच्या जेवणाचे पैसे खाल्ले. ते आईला कळलं तेव्हा तिनं बांधलेलं सामान सोडून पातेलंभर पोहे केले. नव्या इमारतीत पोचलो तर वॉचमन म्हणाला, लिफ्ट माणसांसाठी, सामान जिन्यानं. मजल्यामागे वेगळी हमाली. ती पडद्यांच्या पैशांतून गेली. पडदे काय, नंतरही लावता येतात. माझा आकडा अजून शाबूत होता. घामाघूम, पण शाबूत.

शेवटी खाली पाटा-वरवंटा उरला.

हमालांचा मुख्य सोमा होता. सुरगाण्याकडचा, माझ्याच वयाचा, कानाशी पिकलेला. तो म्हणाला, "साहेब, दगडाचं येगळं द्यावं लागंल. लय वजन हाय." मागितलेली रक्कम किती होती? आमच्या घराच्या रविवारच्या मिसळीला लागते त्याहून कमी. आणि पैसे खिशात होते. हे नीट ऐका, कारण इथेच मला गरिबीचं पांघरूण घ्यावंसं वाटतं — पैसे होते. नव्हता तो फक्त आकड्यात जागा.

मी म्हणालो, "राहू दे. टेम्पोत टाक. वाटेत कुठंही उतरव."

त्यानं एकदा विचारलं, "आईंचा हाय ना?" मी दुसरीकडे पाहिलं. त्यानं पाटा उचलून टेम्पोत ठेवला आणि वरवंटा गडगडू नये म्हणून त्याखाली गोणपाट दुमडून दिलं.

वर आई ओट्यापाशी जागा पुसून उभी होती. पाट्यासाठी. मी म्हणालो, "आई, पाटा फुटला गं. जिन्यात पडला."

"कुणाच्या हातून?"

कुणाच्याच नाही, असं म्हणता आलं असतं. पण मी म्हणालो, "सोमाच्या."

आणि नेमका त्याच वेळी सोमा उरलेलं भाडं घ्यायला दारात आला. नोटा माझ्या वरच्या खिशात होत्या, अर्ध्या बाहेर डोकावत. आई त्याला म्हणाली, "अरे, पाटा पडला म्हणे तुझ्या हातून?" सोमानं माझ्याकडे पाहिलं. मग खिशाकडे. मग खाली.

"चुकलं, आई," तो म्हणाला. "हातातून निसटला."

मला वाटलं, आता आई चिडेल. तिनं विचारलं, "पायावर तर नाही ना पडला?" त्याला पाटावर बसवलं, चप्पल काढायला लावली, दोन्ही पाय पाहिले. तो पाय पुढे करून बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. चार मजले खाली, टेम्पोत, पाटा अख्खा होता. मी नोटा मोजत होतो.

संध्याकाळी साडूंना फोन केला. "एक रुपया वर नाही!" त्या आनंदात रविवारी सगळ्यांना मिसळ खायला नेलं. दोन पाव जास्तीचे मागवले, तेही मीच.

आता ऑफिसात कुणी घर बदलायला निघालं की मला विचारतात. मी सांगतो, ठरल्या भाड्याच्या वर थोडे बाजूला काढून ठेवा आणि ते गेले तर वाईट वाटून घेऊ नका. गल्ली अरुंद निघते, लिफ्ट मिळत नाही, एखादी वस्तू कुणी धरलेलीच नसते. लोक माना डोलावतात. अनुभवी माणूस!

गेल्या महिन्यात मुलगी बाळंतपणाला आली. पाचवीला पाटा हवा, म्हणून शेजारच्या वहिनींचा मागून आणला. हलका, कोरा, कधी चटणीचा डागही न लागलेला. आईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. मग नातजावयाला तिनं नेहमीची गोष्ट सांगितली, इतक्या वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेली. "दगड गेला, पण त्या सोमाचा पाय वाचला हो. पोटासाठी काय ओझी उचलतात ही माणसं! मी त्याला एक शब्द बोलले नाही." आणि माझ्याकडे वळून, "होय ना रे?"

मी "हो" म्हणालो आणि निरांजनात तूप घातलं.