कराची ते लंडन, मार्गे बार्शी

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांइतकं जग हिंडलेला माणूस अख्ख्या सोलापुरात नव्हता, आणि ते गावाबाहेर मात्र क्वचितच पडत. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवीत असे. कराचीहून लंडनला टपालाची विमानं जाऊ लागली, तेव्हापासून मास्तरांचं चित्त जमिनीवर उरलंच नाही. विमान बसऱ्याला केव्हा उतरतं, बगदादहून केव्हा उडतं, हे ते असं सांगत, की जणू आत्ताच त्याला पोचवून परतलेत. अंतर मोजायला त्यांच्याजवळ शाळेचा पृथ्वीगोल आणि गिरणीचं सूत असे. एकदा सूत सापडेना, तर भर वर्गात सदऱ्यात हात घालून जानवंच बाहेर काढलं, एक टोक कराचीवर, दुसरं लंडनवर दाबलं आणि गोलावर मान वाकवून म्हणाले, "भिंतीवरचा नकाशा थापा मारतो. सूत मारत नाही." पोरं खिदळली. मी दारातून बघत होतो. त्या ताणलेल्या दोऱ्याखाली अख्खं इराण आलेलं पाहून माझ्या अंगावर खरोखर काटा आला.

कुणी अंतर चुकीचं सांगितलं, की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानात मंगळवेढ्याचा शेतकरी सहज म्हणाला, "विलायत म्हंजे मुंबईच्या पल्याडच की." झालं, मास्तर पायरीवर बसले आणि त्याला एकेका मुक्कामी उतरवत अर्ध्या तासात लंडनला नेऊन सोडलं.

"सात दिसांत?" तो बिचारा धोतर विकत घ्यायचंच विसरला. "आमची गाडी सात दिसांत कुटं पोचंल, मास्तर?"

मास्तरांनी तेही सांगितलं, वाटेत बैलांना विसावा धरून.

ही खोडच त्यांना नडली होती. एकुलत्या एका लेकीच्या लग्नात बार्शीचं वऱ्हाड गाडी चुकल्यामुळे उशिरा आलं, तेव्हा भर मांडवात ते व्याह्यांना म्हणाले, "एवढ्या वेळात विमान अर्धं इराण ओलांडतं."

"मग मुलगी विमानवाल्याला द्यायची होतीत," व्याही तडकले. "आमच्या दारात पाऊल टाकू नका."

मास्तरही हट्टाला पेटले. पाच वर्षं लेक माहेरी आली नाही आणि हे बार्शीला गेले नाहीत. नात झाली, तीही कार्डावरून कळली. लंडनपर्यंतचे सगळे मुक्काम तोंडपाठ असलेला हा माणूस बार्शीचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघायचा, आणि मला त्यांचा राग यायचा.

एक दिवस लेकीचं कार्ड आलं. स्वतःच्याने वाचवेना, म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"मामंजींचा राग केव्हाच निवळलाय. बाबा, विलायतेहून विमान सात दिवसांत येतं ना? मग सोलापूरहून बार्शीला माणूस किती दिवसांत येतो?"

शनिवारी आम्ही निघालो. एकट्याने जायचा त्यांना धीर नव्हता. कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसलो, पण वाटेत एका मैलाचाही हिशेब त्यांनी ऐकवला नाही. बार्शीला व्याहीच ओट्यावर होते. "या मास्तर," एवढंच म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तेवढ्यात लेक बाहेर आली. तिच्या पदराआडून चार वर्षांची नात म्हणाली, "आई, हे कोण?"

लेकीने डोळे पुसले. "तुझे आजोबा आहेत गं. फार लांबून आलेत."

व्याह्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मीही पाहिलं. मास्तर नातीपुढे उकिडवे बसले.

"हो बाळ," ते म्हणाले, "फार लांबून."